अर्ज नाकारला, पण नाकारला कोणी?

एका माणसाने मध्यरात्र उलटल्यावर ऑनलाइन अर्ज भरला. त्याच रात्री १ वाजून ५० मिनिटांनी त्याला नकाराचा ईमेल आला. अर्ज पाठवून तासही झाला नव्हता. अमेरिकेतल्या वर्कडे या सॉफ्टवेअर कंपनीवर २०२३ मध्ये भरलेल्या खटल्याच्या कागदपत्रांत ही हकीकत आहे. अर्जदार चाळिशी ओलांडलेला, कृष्णवर्णीय. वेगवेगळ्या कंपन्यांत मिळून शंभराहून जास्त नोकऱ्यांसाठी त्याने अर्ज केले आणि सगळीकडून नकारच आला. कंपन्या निरनिराळ्या, पण अर्ज गोळा करणारं आणि चाळणारं सॉफ्टवेअर एकच, असं त्याचं म्हणणं. वर्कडेने आरोप फेटाळले आहेत.

ती वेळ माझ्या डोक्यातून जात नाही. त्या वेळी एचआरमधलं कुणी अर्ज वाचत बसलेलं नसतं. म्हणजे तो नकार त्या रात्री कुणी दिलाच नव्हता. तो आधीच कधीतरी ठरला होता. कुणीतरी एक अट घातली असेल, कुणीतरी कुठल्या तरी जुन्या नोंदींवरून गणित बसवलं असेल, आणि त्या रात्री यंत्राने ते फक्त गिरवलं. अर्ज चाळणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल जे काही समजून घ्यायचं आहे ते या गिरवण्यात आहे. यंत्राच्या मनात कुणाबद्दल आकस नसतो. पण त्याला घालून दिलेल्या कित्त्यात असेल, तर ते तो लाखो वेळा आणि न थकता गिरवतं. आणि ज्याच्या बाबतीत गिरवलं, त्याला कित्ता कोणाचा होता हे कधी कळत नाही.

गाळणी आत कशी चालते

मी स्वतः काही वर्षं भरतीचं काम केलं आहे, त्यामुळे आतली बाजू थोडी पाहिली आहे. एका जागेची जाहिरात लावली की चारशे-पाचशे अर्ज सहज येतात. ते गोळा करून, लावून, शोधता येतील असे ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला आमच्याकडे एटीएस म्हणतात. नुसतं साठवणं आणि शोधणं एवढंच ते करत असेल तर त्यात वावगं काही नाही. प्रश्न सुरू होतो तो ते गाळायला लागतं तिथे.

गाळण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि सगळ्यांना सरसकट 'एआय' म्हटलं की गोंधळ होतो. सगळ्यात साधा प्रकार म्हणजे होय-नाहीचे प्रश्न. 'परवाना आहे का? नाही.' अर्ज बाद. यात अक्कल लागत नाही. अट कुणी घातली आणि ती गरजेची होती का, एवढंच महत्त्वाचं. दुसरा प्रकार शब्द जुळवण्याचा: जाहिरातीतले शब्द तुमच्या सीव्हीत किती सापडतात ते मोजायचं. तुम्ही 'हिशेब तपासले' असं लिहिलंत आणि यंत्र 'ऑडिट' शोधत असेल, तर जुन्या पद्धतीच्या सॉफ्टवेअरला तुम्ही दिसतच नाही. शब्दांच्या अर्थाचं अंतर मोजणारी नवी सॉफ्टवेअर यात बरीच सुधारली आहेत, पण सीव्ही दोन स्तंभांत किंवा चौकटीत मांडला असेल तर मजकूर उचलतानाच त्याची खिचडी होते, हा त्रास अजून संपलेला नाही.

तिसरा प्रकार शिकणाऱ्या यंत्राचा. त्याला अटी सांगत नाहीत. आधी निवडलेल्या आणि नाकारलेल्या लोकांचे अर्ज त्याच्यापुढे ठेवतात आणि 'यातून तूच शोध, चांगला उमेदवार कसा असतो' असं सांगतात. मग ते नव्या अर्जांना गुण देतं, क्रम लावतं. आणि हल्ली यात लेख-संवाद लिहिणारी मोठी भाषा-मॉडेलंही आली आहेत. एचआरमधलं कुणी शंभर सीव्ही चॅटबॉटमध्ये टाकतं आणि म्हणतं, पहिले दहा काढून दे.

माझ्या हातून झालेली चूक पहिल्या, म्हणजे सगळ्यात साध्या प्रकारातली होती. एका जागेसाठी ४०० च्या वर अर्ज आले होते. विभागप्रमुखांनी जाता जाता सांगितलं होतं, 'गॅपवाले नकोत.' सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक चौकट होती: सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ नोकरी नसलेले अर्ज वगळा. मी त्यावर टिक केली. यादी निम्म्याहून खाली आली. काम हलकं झालं म्हणून मला तेव्हा हायसं वाटलं होतं. उरलेल्यांच्या मुलाखती झाल्या, मनासारखं कुणी सापडलं नाही, तीन आठवडे गेले. शेवटी वगळलेले अर्ज उघडले. वरून सातवा-आठवा अर्ज एका बाईंचा होता. आम्हाला हवं होतं नेमकं तेच काम त्यांनी आठ वर्षं केलेलं होतं. त्यानंतर चौदा महिने कोरे, आणि खाली एक ओळ: 'वडिलांच्या आजारपणामुळे नोकरी सोडली होती, आता पूर्ण वेळ उपलब्ध आहे.' फोन केला तेव्हा त्या दुसरीकडे रुजू झाल्या होत्या. 'तुमच्याकडून तर तेव्हाच नकार आला होता,' त्या म्हणाल्या. तो नकार मी पाहिलाही नव्हता. सॉफ्टवेअरने परस्पर पाठवला होता.

ही एकटीदुकटीची गोष्ट नाही, हे पुढे कळलं. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर यांनी २०२१ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या कंपन्यांच्या पाहणीवर आधारलेला एक अहवाल काढला. त्यात ८८ टक्के कंपन्यांनी मान्य केलं की उच्च कौशल्याच्या जागांसाठी लायक असलेले उमेदवार निव्वळ जाहिरातीतल्या अटींशी तंतोतंत जुळत नाहीत म्हणून यंत्र त्यांना गाळतं. सहा महिन्यांच्या खंडावरून अर्ज बाद करणाऱ्या कंपन्या जवळजवळ निम्म्या होत्या. नोकरीत खंड कुणाच्या वाट्याला येतो याचा विचार केला की ही तटस्थ दिसणारी चौकट किती एकतर्फी आहे ते दिसतं: बाळंतपण झालेल्या बाया, घरातल्या आजाऱ्याचं करणारे, स्वतः मोठ्या दुखण्यातून उठलेले. याच विषयाच्या चर्चेत आलेलं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. काही रुग्णालयं परिचारिकांच्या सीव्हीत 'कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' शोधत होती. खरी गरज होती रुग्णाची माहिती कॉम्प्युटरमध्ये भरता येण्याची.

जुना कित्ता

आता शिकणाऱ्या यंत्राकडे येऊ. याची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट ॲमेझॉनची. २०१४ पासून त्यांचा एक गट सीव्हींना एक ते पाच तारे देणारं सॉफ्टवेअर बनवत होता. शिकायला त्याला दिले होते कंपनीकडे दहा वर्षांत आलेले अर्ज. तांत्रिक कामांसाठी आलेले ते अर्ज बहुतांश पुरुषांचे होते. यंत्र त्यातून काय शिकलं? सीव्हीत 'महिला' हा शब्द आला, म्हणजे महिला बुद्धिबळ मंडळाची कप्तान असं काही, की गुण कमी. केवळ स्त्रियांसाठी असलेल्या दोन महाविद्यालयांच्या पदवीधरांचेही गुण कमी. पुरुष आपल्या सीव्हीत जी जोरकस क्रियापदं जास्त वापरतात, ती दिसली की गुण वर. २०१५ मध्येच हा दोष त्यांच्या लक्षात आला होता. त्यांनी ते ठरावीक शब्द दुरुस्त करून पाहिले, पण यंत्र आणखी कुठल्या वाटेने तेच करणार नाही याची खात्री कुणाला देता येईना. अखेर काम थांबवलं. रॉयटर्सने २०१८ मध्ये ही बातमी दिली. उमेदवारांची पारख करायला आमच्या लोकांनी ते कधी वापरलं नाही, असं कंपनीने सांगितलं.

हे वाचून वाटतं की हा आत्ताचा, एआयच्या काळातला आजार असावा. तसं नाही. लंडनमधल्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मेडिकल स्कूलमध्ये १९७९ पासून एक प्राध्यापक प्रवेश-अर्जांच्या पहिल्या छाननीसाठी प्रोग्रॅम लिहीत होते. हेतू चांगला होता. वेळ वाचावा आणि वेगवेगळ्या परीक्षकांच्या निकालांतला फरक जावा. १९८२ पर्यंत सगळी पहिली छाननी त्या प्रोग्रॅमवर आली. परीक्षकांशी त्याचा निकाल ९० ते ९५ टक्के जुळत होता, आणि हे त्याच्या अचूकपणाचं प्रमाणपत्र मानलं गेलं. पण जुळत होता कशाशी? ज्यांच्याशी जुळवून पाहिला, तेच परीक्षक आधीपासून दुजाभाव करत होते. अर्जात वंशाचा रकाना नव्हता. प्रोग्रॅम तो नावावरून आणि जन्मस्थानावरून काढायचा. नाव युरोपीय वाटलं नाही की १५ गुण वजा. बाई असली की सरासरी ३ गुण वजा. तिथल्याच दोन डॉक्टरांनी तक्रार केली, ब्रिटनच्या वांशिक समानता आयोगाने चौकशी केली आणि १९८८ मध्ये संस्थेला दोषी ठरवलं. दरवर्षी साधारण ६० जणांची मुलाखत केवळ वंशामुळे किंवा स्त्री असल्यामुळे हुकली असावी, असा अंदाज निघाला.

यातला एक तपशील नेहमी सांगितला पाहिजे: त्या काळात लंडनच्या इतर बऱ्याच वैद्यकीय शाळांपेक्षा सेंट जॉर्जेसमध्ये गौरेतर विद्यार्थ्यांचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे इतर ठिकाणी हाच अन्याय, कदाचित याहून मोठा, माणसांच्या डोक्यात चालू होता. तो कागदावर नव्हता म्हणून पकडता आला नाही. इथे तो प्रोग्रॅममध्ये आकड्यांत लिहिलेला होता, म्हणून सापडला. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

रकाना खोडला तरी

अनेकांना वाटतं, मग नाव, वय, लिंग हे रकानेच काढून टाका, प्रश्न मिटला. मलाही एके काळी असंच वाटायचं. पण एका गोष्टीचा माग दुसरीत राहतो. पदवीचं वर्ष आहे, तर वय उघड आहे. कॉलेजचं नाव, छंद, कुठल्या संस्थेत स्वयंसेवक होता, पत्ता, सगळ्यातून माणूस कोण आहे ते डोकावतं. यंत्राला हे मुद्दाम शिकवावं लागत नाही. जुन्या निवडींत ज्या खुणा वारंवार दिसल्या त्या ते उचलतं, आणि त्या खुणेचा कामाशी संबंध आहे की नाही हे त्याला समजण्याचं कारण नाही. एका कंपनीने विकत घ्यायच्या आधी अशा सॉफ्टवेअरची तपासणी करून घेतली, तेव्हा त्यात यशाची दोन सगळ्यात मोठी लक्षणं निघाली: नाव जॅरेड असणं आणि शाळेत लॅक्रॉस हा खेळ खेळलेला असणं.

पत्त्याचंच घ्या. कामाच्या जागेपासून लांब राहणारे लोक लवकर नोकरी सोडतात, असं झेरॉक्स या कंपनीला आपल्या कॉल सेंटरच्या नोंदींत दिसलं होतं. आकडा खरा होता, आणि फायद्याचाही. तरी कंपनीने निवडीतून तो मुद्दा काढला, कारण कोण कुठल्या वस्तीत राहतं याच्याशी वंशाचा फार जवळचा संबंध होता. मला हा निर्णय महत्त्वाचा वाटतो. आकडा बरोबर आहे की नाही याचं उत्तर यंत्र देऊ शकतं. तो वापरावा की नाही, हे माणसालाच ठरवावं लागतं, आणि इथे कुणीतरी ते ठरवलं.

याहून खोल एक अडचण आहे, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. यंत्र चुकतंय हे कळणार कसं? निवडलेला माणूस कामात कमी पडला तर ते दिसतं, नोंद होते, त्यातून यंत्र सुधारतं. पण नाकारलेला माणूस चांगला निघाला असता का, हे कधीच दिसत नाही, कारण त्याला काम मिळालेलंच नसतं. तो दुसरीकडे उत्तम काम करत असेल, तरी त्याची नोंद या यंत्रापर्यंत येत नाही. म्हणजे चुकून घेतलेल्याची चूक पकडली जाते आणि चुकून गाळलेल्याची कायमची पुसली जाते. असं वर्षानुवर्षं चाललं की यंत्राचे निकाल 'अचूक' दिसत राहतात आणि चाळणी अरुंद होत जाते.

भाषा-मॉडेलांनी यात फरक पडला का? वॉशिंग्टन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०२४ मध्ये तीन मॉडेलं तपासली. साडेपाचशेच्या वर सीव्ही आणि पाचशे जाहिराती घेतल्या आणि सीव्हीवरची फक्त नावं बदलत गेले. एकूण १२० नावं, काही गोऱ्या लोकांत जास्त आढळणारी, काही कृष्णवर्णीयांत, काही बायांची, काही पुरुषांची. ८५ टक्के वेळा पारडं गोऱ्यांच्या नावांकडे झुकलं. बायांच्या नावांकडे ११ टक्केच वेळा. सीव्हीतला बाकीचा मजकूर तोच होता.

चेहरा, आवाज आणि मागचं कपाट

व्हिडिओ मुलाखत घेऊन स्वभावाचे गुण देणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल माझं मत कडक आहे: आपण काय मोजतो आहोत याचा पुरेसा पुरावा त्यांच्याकडे नाही. जर्मनीतल्या बायरिशर रुंडफुंक या प्रसारण संस्थेच्या पत्रकारांनी २०२१ मध्ये असं एक सॉफ्टवेअर तपासलं. त्याच अभिनेत्रीने चष्मा घातला, डोक्याला रुमाल बांधला, तर गुण बदलले. एका व्हिडिओत माणसाच्या मागे पुस्तकांचं कपाट दाखवलं, तरी बदलले. त्याच वर्षी एका पत्रकार बाईंनी इंग्रजी बोलण्याची चाचणी घेणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरला जर्मन मजकूर वाचून दाखवला. इंग्रजी संभाषणकौशल्यात त्यांना ९ पैकी ६ गुण मिळाले. तिथे इंग्रजीचा एक शब्दही नव्हता.

आवाजाचं लेखी रूपांतर करून त्यावर गुण द्यायचे, तर ते रूपांतर तरी सगळ्यांसाठी सारखं हवं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या होत्या. गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात सरासरी शंभरामागे १९ शब्द चुकत होते, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. तोतरं बोलणारा, ऐकायला कमी येणारा, चेहऱ्याच्या स्नायूंवर ताबा नसलेला माणूस अशा चाचणीपुढे बसतो तेव्हा काय होत असेल याचा विचार करावा. व्हिडिओ मुलाखतींचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या हायरव्ह्यू या कंपनीने चेहऱ्यावरचे भाव मोजणं बंद केल्याचं २०२१ च्या जानेवारीत जाहीर केलं. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने तर कामाच्या ठिकाणी माणसाच्या भावना ओळखणाऱ्या यंत्रांवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदीच घातली, वैद्यकीय किंवा सुरक्षेचं कारण असेल तेवढं सोडून. हे व्हायलाच हवं होतं.

जाणूनबुजून

आतापर्यंतची उदाहरणं नकळत झालेल्या अन्यायाची. पण चाळणी हातात आली की ती मुद्दाम वाकडी धरणारेही असतातच. आयट्यूटरग्रुप ही ऑनलाइन इंग्रजी शिकवणारी कंपनी. तिच्या अर्जाच्या सॉफ्टवेअरमध्ये ५५ वर्षं किंवा जास्त वयाच्या बाया आणि ६० वर्षं किंवा जास्त वयाचे पुरुष आपोआप बाद व्हावेत अशी सोय केली होती, असा आरोप अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने ठेवला. दोनशेहून जास्त शिक्षक त्यात गाळले गेले होते. उघड कसं झालं ते सांगण्यासारखं आहे: एका अर्जदाराने तोच अर्ज पुन्हा पाठवला, फक्त जन्मतारीख अलीकडची टाकली, आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. २०२३ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता ३,६५,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

यात एआय म्हणावं असं काही नव्हतं. एक अट होती, दोन वयं होती. पूर्वी हेच करायचं तर दोनशे अर्ज हाताने बाजूला काढावे लागले असते, कुणीतरी पाहिलं असतं, कुणाला तरी खटकलं असतं. सॉफ्टवेअरने तो साक्षीदार नाहीसा केला.

जबाबदारी झटकण्याची सोय हा गैरवापराचा दुसरा प्रकार, आणि मला तो जास्त घातक वाटतो. कंपनी म्हणते, सॉफ्टवेअर बाहेरून घेतलंय, आत काय आहे आम्हाला माहीत नाही. सॉफ्टवेअर विकणारे म्हणतात, आम्ही फक्त साधन दिलं, निर्णय कंपनीचा. मधल्या मधे अर्जदाराने कुणाकडे जायचं? वर्कडेच्या खटल्याचं महत्त्व इथे आहे. कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये म्हटलं की निवडीचं कामच सॉफ्टवेअरवर सोपवलं असेल तर विकणारी कंपनी मालकाची प्रतिनिधी ठरू शकते, आणि खटला पुढे चालू दिला. मे २०२५ मध्ये चाळिशीपुढच्या इतर अर्जदारांनाही वयाच्या मुद्द्यावर त्यात सामील व्हायला प्राथमिक परवानगी मिळाली. खटल्यात ज्या काळाबद्दल वाद आहे त्या काळात आपल्या साधनांतून ११० कोटी अर्ज नाकारले गेले, असा आकडा कंपनीनेच न्यायालयात दिला.

'शेवटी माणूसच ठरवतो' हे वाक्यही तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. कागदावर ते खरं असतं. पण चारशे जणांची क्रमवार यादी पडद्यावर आली की माणूस पहिलं पान पाहतो, वेळ असला तर दुसरं. ३४० व्या क्रमांकावरच्या माणसाबद्दल 'माणसाने' काहीच ठरवलेलं नसतं.

मग माणसांकडेच परत जायचं?

नाही, आणि हे मी स्वतः चाळणी चालवलेली असूनही म्हणते. अमेरिकेत बॉस्टन आणि शिकागोमध्ये झालेला, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. सुमारे पाच हजार बनावट सीव्ही पाठवले, फरक फक्त नावांचा. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना दहा अर्जांमागे एक बोलावणं येत होतं, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना पंधरा अर्जांमागे एक. हे सगळे नकार माणसांनी दिले होते. आणि त्यांतल्या कुणालाही विचारलं असतं तर 'मी नाव पाहत नाही' असंच उत्तर मिळालं असतं.

सेंट जॉर्जेसचा मुद्दा इथे पुन्हा येतो. माणसाचं डोकं उघडून पाहता येत नाही. यंत्राला मात्र तोच सीव्ही हजार नावांनी पाठवून एका दुपारात तपासता येतं. यंत्राचा खरा फायदा असेल तर तो हा आहे. पण त्यासाठी तपासणाऱ्याला आत येऊ दिलं पाहिजे, आणि नेमकं तेच दार बहुतेक ठिकाणी बंद आहे.

तपासण्याची एक जुनी, सोपी रीत अमेरिकेत १९७८ पासून आहे, चार-पंचमांशाची. समजा १०० पुरुषांनी अर्ज केले, ४० पुढे गेले. १०० बायांनी केले, २४ पुढे गेल्या. २४ भागिले ४० म्हणजे ०.६. हा आकडा ०.८ च्या खाली असला की काहीतरी गडबड असावी असं मानून खोलात जायचं. लगेच दोषी ठरवायचं असं नाही, पण मालकाला दाखवावं लागतं की ही अट कामासाठी खरोखर गरजेची आहे. यामागचं तत्त्व १९७१ मधल्या ड्यूक पॉवर कंपनीच्या खटल्यातून आलं: हेतू वाईट नसला तरी परिणाम एका गटावर अन्याय करणारा असेल आणि अटीचा कामाशी संबंध नसेल, तर ती अट चालणार नाही.

न्यूयॉर्क शहराने हेच गणित वापरून कायदा केला. ५ जुलै २०२३ पासून तिथे अशा सॉफ्टवेअरचं दरवर्षी बाहेरच्या तपासनीसाकडून ऑडिट करून निकाल संकेतस्थळावर लावायचा आणि उमेदवाराला आधी कळवायचं असं बंधन आहे. पुढे संशोधकांनी ३९१ कंपन्यांची संकेतस्थळं तपासली. ऑडिट सापडलं १८ ठिकाणी, सूचना १३ ठिकाणी. कारण आपलं सॉफ्टवेअर कायद्यात बसतं की नाही हे ठरवायचं कंपनीनेच. शिवाय त्या ऑडिटमध्ये लिंग आणि वंश एवढंच मोजतात; वय आणि अपंगत्व बाहेर. युरोपात एआय कायद्याने भरतीची सॉफ्टवेअर उच्च धोक्याच्या यादीत घातली आहेत, आणि २०१८ पासून लागू असलेल्या तिथल्या माहिती-संरक्षण कायद्यानुसार, जिथे केवळ यंत्राने घेतलेला निर्णय त्या माणसाच्या परवानगीने किंवा त्याच्याशी करार करण्यासाठी वापरला जातो, तिथेही माणसाने तो पुन्हा पाहावा अशी मागणी करता येते. 'केवळ' या शब्दावर बरंच अडतं, कारण कुठेतरी एक माणूस बटण दाबतो असं दाखवणं सोपं असतं.

अर्ज करणाऱ्यांना आणि चाळणाऱ्यांना

अर्जदाराच्या हातात थोडंच आहे, पण आहे. सीव्ही एका स्तंभात, साध्या मथळ्यांनी लिहा. जाहिरातीत एखाद्या कामाला जो शब्द वापरला आहे, ते काम तुम्ही खरोखर केलं असेल तर तोच शब्द वापरा. पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवण्याचे किंवा भाषा-मॉडेलसाठी गुपचूप सूचना पेरण्याचे सल्ले फिरतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. मजकूर वेगळा काढला की ते लख्ख दिसतं आणि मग तुमच्या खऱ्या अनुभवावरही कुणी विश्वास ठेवत नाही. व्हिडिओ चाचणी असेल आणि तुम्हाला काही अडचण असेल, तर पर्यायी पद्धत लेखी मागा. नकार आला तर छाननी यंत्राने केली का आणि माणसाने पाहून फेरविचार होईल का, असं विचारा. उत्तर येईलच असं नाही. पण विचारलेलं नोंदीत राहतं. जन्मतारीख बदलून आलेल्या त्या एका अर्जामुळे दोनशे जणांचं प्रकरण उभं राहिलं होतं.

चाळणाऱ्यांशी मी जास्त हक्काने बोलू शकते. सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी विक्रेत्याला विचारा की हे कोणाच्या, किती वर्षांच्या अर्जांवर शिकलं आहे आणि कोणत्या गटांसाठी तपासलं आहे. लेखी उत्तर मिळत नसेल तर घेऊ नका. प्रत्येक वगळणाऱ्या अटीपुढे ती घालणाऱ्याचं नाव आणि कारण लिहा. 'गॅपवाले नकोत' हे वाक्य त्या विभागप्रमुखांच्या नावासह लिहायची वेळ माझ्यावर आली असती, तर मी त्यांना एकदा तरी 'का?' असं विचारलं असतं.

आणि महिन्यातून एकदा नाकारलेल्यांचा गठ्ठा उघडा. गुणांकडे न पाहता, मधूनच कुठून तरी वीस अर्ज काढा आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. याला साधारण दोन तास लागतात. मी हे त्या फोननंतर सुरू केलं. पहिल्याच महिन्यात वीसपैकी तिघांना मुलाखतीला बोलावलं, आणि त्यांतल्या एकाला घेतलं.